माती, गादी आणि पवित्रा

दिवाळीच्या सुट्टीत मुलीचा मुलगा पुण्याहून बीडला आला होता. पंधरा वर्षांचं पोर. दोन वर्षं बॉक्सिंग शिकला आणि आता किकबॉक्सिंगच्या क्लासला जातो. पुढे मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे त्या जाळीच्या पिंजऱ्यातल्या लढती, तेही शिकायचं त्याच्या मनात आहे. रोज सकाळी गच्चीवर तो हवेशीच भांडत असायचा आणि मी चहाचा कप घेऊन कठड्याशी बसून ते बघायचो.

एकदा मी त्याला विचारलं, की मागच्या वर्षी तू अंग तिरकं करून, मुठी गालाला लावून उभा राहायचास, आता असा ताठ का उभा राहतोस? प्रश्न बरा विचारला गेला असावा, कारण मोबाइल बाजूला ठेवून त्यानं मला चांगलं अर्धा तास शिकवलं. बॉक्सिंगमध्ये मार फक्त मुठीचा आणि तोही कमरेच्या वर. म्हणून एक पाय पुढे, अंग तिरकं, हनुवटी खाली, मुठी गालाशी, कोपरं बरगड्यांशी. ठोसा आला की वाकायचं आणि तो डोक्यावरून जाऊ द्यायचा. हाच पवित्रा घेऊन किकबॉक्सिंगला उभं राहिलं तर पहिल्याच मिनिटाला पंचाईत होते. वाकलं की समोरच्याची लाथ तोंडावर येते. पुढच्या पायावर भार टाकलेला असला की त्याच मांडीवर लाथ बसते, कारण भार असलेला पाय वेळेवर उचलता येत नाही. म्हणून थोडं ताठ राहायचं, पुढचा पाय हलका ठेवायचा आणि लाथ आली की गुडघा उचलून ती नडगीवर झेलायची. मिश्र लढतीत आणखी एक धोका. समोरचा कमरेत शिरतो आणि उचलून आपटतो. तिथे हात जरा खाली आणि पुढे, पाय जरा रुंद. हातमोजेही लहान, त्यामुळे त्यांच्याआड तोंड लपवता येत नाही. थोडक्यात, दोन वर्षं जे अंगात मुरवलं ते आता अंगातून काढायचं. मात्र सगळंच काढायचं नाही, असंही त्यानं मला बजावलं. ठोसा कुठून येणार हे ओळखणारी नजर तीच राहते. बदलतं ते उभं राहणं.

मला एक जुनी लढत आठवली. १९७६ च्या जूनमध्ये टोकियोत मुहम्मद अली आणि जपानचा मल्ल अंतोनिओ इनोकी समोरासमोर आले होते. मी तेव्हा कॉलेजात होतो. पंधरा फेऱ्यांतला बहुतेक वेळ इनोकी जमिनीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला. अलीला मोजकेच ठोसे मारता आले. एवढा चपळ मुष्टियोद्धा, पण खालून येणाऱ्या लाथेसाठी त्याच्याकडे पवित्राच नव्हता. लढत बरोबरीत सुटली आणि अलीला सुजलेल्या पायांवर उपचार घ्यावे लागले. नातवानं ही लढत मोबाइलवर आधीच पाहिलेली होती. मग मी त्याला विचारलं, खाशाबा जाधव ठाऊक आहेत का? नाव ठाऊक होतं. सामान्यज्ञानाच्या पुस्तकातल्या एका ओळीपुरतं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, १९५२, कांस्य. बस्स. त्या एका ओळीमागे काय होतं, हे मी त्याला दोन-तीन सकाळी सांगत बसलो. सांगता सांगता माझीच एक जुनी खपली निघाली, म्हणून हा लेख.

आमचं गाव पाटोद्याच्या बाजूचं, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं. जत्रेत कुस्त्यांचा फड असायचा. सकाळी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, दुपारनंतर मोठ्या जोडी आणि दिवस मावळताना हलगीच्या कडकडाटात शेवटची मानाची कुस्ती. मी स्वतः हाडकुळा, त्यामुळे रेवडीच्या पुढे माझी मजल कधी गेली नाही. पण कुस्ती बघायला शिकलो. वस्ताद लोक पोरांना आधी डाव शिकवत नसत, पवित्रा शिकवत. पाय कुठे, कंबर कुठे, नजर कुठे. डाव विसरला तरी माणूस वाचतो, पवित्रा सुटला की माणूस गेला, असं त्यांचं गणित.

खाशाबांचं नाव आमच्या गावात आलं ते पुस्तकातून नव्हे, ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर आलं. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली माणसं बैलगाड्या जोडून नाहीतर ट्रकमध्ये बसून कराड, सांगली, कोल्हापूरकडे निघायची आणि निम्मं गाव रिकामं व्हायचं. उन्हाळ्याच्या तोंडाला परतताना पैसे किती उरले हा भाग वेगळा, पण गोष्टी भरपूर आणायची. त्यांतल्याच एकानं सांगितलं होतं, की आमचा तळ पडतो त्याच्या जवळच कराडला लागून गोळेश्वर नावाचं गाव आहे आणि तिथल्या एका पैलवानानं साता समुद्रापार जाऊन पदक आणलंय. आम्हा पोरांना त्यात खरं काय आणि वाढवलेलं काय, ते कळायला मार्ग नव्हता. पुढे कळलं, की त्यात वाढवलेलं काहीच नव्हतं.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, गोळेश्वरचाच. घर शेतकऱ्याचं. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते आणि पाच मुलांतल्या या धाकट्याला त्यांनी पाचव्या वर्षापासूनच मातीत उतरवलं. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात झालं. १९४२ च्या चळवळीत हा सोळा वर्षांचा मुलगा भूमिगतांना आसरा देणं, पत्रकं पोचवणं असल्या कामांत होता. पुढे कॉलेजसाठी कोल्हापूरला राजाराम कॉलेजात आला. कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांनी वाढवलेली कुस्तीची पेठ. तिथे बाबूराव बलवडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्या हाताखाली त्यांची कुस्ती तयार झाली. अंगानं लहानखुरे, पण चपळाई अशी, की समोरच्याला पकड मिळायच्या आत ते त्याच्या अंगाखाली शिरलेले असत. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. मानेला मिठी घालायची, कंबर वळवायची आणि भारी माणसाला त्याच्याच वजनानं फिरवून टाकायचं.

हे सगळं मातीतलं. १९४८ साली लंडनला ऑलिंपिक ठरलं. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला आणि बावीस वर्षांचे खाशाबा तिकडे गेले. तिथे त्यांच्यासमोर आली ती गादी. आता मॅट म्हणतात, पण आमच्याकडे कुस्तीवाले अजून गादीच म्हणतात. तोवर त्यांना गादीवरच्या कुस्तीची सवयच नव्हती.

माती आणि गादी यांत काय फरक, हे कुस्ती न पाहिलेल्या वाचकाला सांगायला हवं. आखाड्यातली तांबडी माती तेल, ताक, हळद घालून मऊ केलेली असते. पाय तिच्यात थोडा रुततो, मल्ल तिच्यात रोवून उभा राहतो. मातीला घड्याळ नसतं. जुन्या काळी एकेक कुस्ती तासतास चालायची. मल्ल कपाळाला कपाळ लावून, मानेवर हात टाकून खडाखडी करत राहायचे, एकमेकाचा दम जोखायचे. खाली बसलेला मल्ल हरलेला नसतो. पाठ लागत नाही तोवर तो तिथेच दबा धरून राहू शकतो आणि अर्ध्या तासानं उठून कुस्ती जिंकू शकतो. लांगेला हात घालून पकड करता येते. आखाड्याला कडा असतात, पण कडेला गेलं म्हणून कुणी दंड करत नाही.

गादीवर यातलं जवळजवळ सगळं उलटं. पायात बूट आणि खाली टणक पण उसळणारा पृष्ठभाग. पाय रुतत नाही, सरकतो. अंगावरच्या कपड्याला हात लावायचा नाही. वेळ बांधलेली. त्या वेळेत कुणी चितपट झालं नाही, तर बाजूला बसलेले पंच कौल देणार, म्हणजे नुसतं टिकून राहणं पुरेसं नाही, आपण वरचढ आहोत हे त्यांना दिसलं पाहिजे. ठरलेल्या रेषेबाहेर गेलं की पुन्हा मध्यावर यायचं. मातीतला मल्ल मानेवर हात टाकून उभा राहिला, की गादीवरचा मल्ल खाली वाकून त्याच्या पायात शिरतो. म्हणून गादीवर कंबर खाली, ढुंगण मागे, हात गुडघ्यांपुढे आणि पटात कुणी शिरलाच तर दोन्ही पाय झटकन मागे टाकून छातीनं त्याला दाबायचं. माझ्या नातवाची गच्चीवर चाललेली खटपट आणि लंडनमधली खाशाबांची खटपट यांत जात एकच. शत्रू बदलला की उभं राहणं बदलावं लागतं, आणि अंगाला हे सांगणं मनाला सांगण्याइतकं सोपं नसतं.

लंडनमध्ये त्यांना रीस गार्डनर या अमेरिकन माजी विजेत्या मल्लानं मार्गदर्शन केलं. हाताशी वेळ थोडा. तेवढ्यात जे शिकता आलं ते घेऊन खाशाबा फ्लायवेट गटात उतरले. ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला त्यांनी थोडक्या मिनिटांत हरवलं, अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही हरवलं. इराणच्या मन्सूर रईसीपुढे मात्र हरले. शेवटी सहावा नंबर. गादीची ओळख नसलेल्या माणसाचा जगात सहावा नंबर. परत येऊन त्यांनी पुढच्या चार वर्षांचा हिशोब मांडला. वजनाचा एक गट वर चढायचं ठरवलं आणि मेहनत आणखी वाढवली.

आता गोष्टीचा दुसरा भाग. तो कुस्तीचा नाही, पण बँकेत उभा जन्म काढल्यामुळे मला तोच जास्त कळतो.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी निवड व्हायची होती. मद्रासच्या स्पर्धेत एका गुणानं आपल्याला डावललं गेलं, असं खाशाबांचं म्हणणं होतं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावली गेली आणि त्यांनी प्रतिस्पर्ध्याला चीत करून आपली जागा घेतली. जागा मिळाली, पण जायला पैसे नव्हते. राज्य सरकारकडे हेलपाटे घालून चार हजार रुपये मिळाले. गोळेश्वरच्या लोकांनी आपापल्या परीनं भर घातली. तरी मोठी रक्कम कमीच पडत होती. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर मराठा बँकेकडे गहाण टाकलं आणि सात हजार रुपये उभे केले.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबलो. मी शेकड्यांनी गहाणखतं पाहिली आहेत. विहिरीसाठी, बैलासाठी, लेकीच्या लग्नासाठी, ट्रॅक्टरसाठी, कधी निव्वळ मागचं कर्ज फेडण्यासाठी. गहाणखतावर सही करताना माणसाचा हात कसा जड होतो, हे मला माहीत आहे. पण एका विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी मास्तरानं घर गहाण टाकल्याचं प्रकरण माझ्या टेबलावर कधी आलं नाही. ज्या कर्जातून उत्पन्न येण्याची कसलीही खात्री नाही, जिथे परतफेड एका पोराच्या खांद्यावर आणि गादीवरच्या पंधरा मिनिटांवर अवलंबून, तिथे खर्डेकरांनी घराचा कागद पुढे केला.

आणि मी काय केलं होतं? नव्वदच्या दशकाच्या मध्याला मी आमच्याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. एक वस्ताद माझ्याकडे आले. वय पन्नाशीच्या आसपास, कान मोडलेले, हात उसाच्या पाचटानं चिरलेले. जन्मभर ऊसतोड केलेला हा माणूस चार महिने गावात असेल तेव्हा पोरांना तालमीत शिकवायचा. त्याला गादी घ्यायची होती. जिल्ह्याच्या स्पर्धा आता गादीवर होतात, माझी पोरं तिथे जाऊन घसरतात आणि रिकाम्या हातानं येतात, असं त्याचं गाऱ्हाणं. एका पोराचं तर त्यानं सविस्तर सांगितलं. मातीत त्याला हरवणारं तालुक्यात कुणी नव्हतं. गादीवर मात्र तो पहिल्यांदाच चढला, मागे रेटत नेण्याच्या सवयीनं सारखा रेषेबाहेर जात राहिला आणि पाठ न लागताच हरला. हरलो कसा, हेच त्याला कळलं नाही.

मी वस्तादांना खुर्ची दिली, चहा पाजला आणि नियम सांगितले. तारण काय? नव्हतं. जामीनदार? तेही सगळे उचल घेतलेलेच. उत्पन्नाचं साधन? तालीम फुकट चालायची. मी अर्जच घेतला नाही. नियमानं माझं काही चुकलं नव्हतं, आणि आजही कुणी ती फाईल तपासायला आला तर त्याला काही सापडणार नाही, कारण फाईलच नाही. वस्तादांनी राम राम घातला आणि ते गेले. संध्याकाळी मी घरी जाऊन माझ्या कादंबरीचं प्रकरण लिहायला बसलो. त्या कादंबरीत, गंमत म्हणजे, दुष्काळातल्या माणसाच्या सोसण्याविषयी बरंच काही होतं.

खर्डेकरांनी घर गहाण टाकलं ते बँकेचा अधिकारी म्हणून नव्हे, माणूस म्हणून. मला नियम मोडायची गरज नव्हती. काउंटरच्या बाहेर येऊन चार जणांकडून वर्गणी गोळा केली असती तरी पुरे होतं. हे मला खाशाबांविषयी नीट वाचल्यावर सुचलं, तोवर दहा वर्षं उलटून गेली होती.

हेलसिंकीला खाशाबा बँटमवेट गटात, म्हणजे सत्तावन्न किलोत खेळले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी मागे टाकलं. मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशीशी. या इशीची गोष्ट मला फार जवळची वाटते. तो मूळचा ज्युदोवाला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन अंमलात जपानमध्ये ज्युदोवर बंदी आली आणि ज्या विद्येत तो वाढला ती त्याला सोडावी लागली. तो कुस्तीकडे वळला. म्हणजे त्या दिवशी गादीवर समोरासमोर उभे होते ते दोघेही दुसऱ्या जमिनीवरून आलेले. एक तांबड्या मातीतून, एक ज्युदोच्या चटईवरून. दोघांनीही आपला पवित्रा बदलून घेतला होता. कुस्ती लांबली, दोघंही दमले आणि खाशाबा हरले. पुढे इशीनं सुवर्णपदक जिंकलं. त्या ऑलिंपिकमधलं जपानचं ते एकमेव सुवर्ण.

यानंतरचा प्रसंग सर्वत्र असा सांगितला जातो. इशीबरोबरच्या कुस्तीनंतर लगेचच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्हशी लढायला खाशाबांना बोलावलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्धा तास विश्रांती मिळायला हवी, असा नियम होता. पण तो नियम पंचांपुढे मांडायला त्या क्षणी तिथे एकही भारतीय पदाधिकारी हजर नव्हता. खाशाबा थकलेल्या अंगानं उभे राहिले आणि हरले. मम्मदबेयोव्हला रौप्य मिळालं, खाशाबांना कांस्य.

मी या अर्ध्या तासाचा फार विचार केला आहे. माणूस एकट्यानं काय काय शिकतो! मातीत वाढलेला माणूस गादीवर उभं राहायला शिकतो, बूट घालायला शिकतो, घड्याळाशी जुळवून घेतो, कंबर खाली ठेवायला शिकतो. समोरच्याचा प्रत्येक डाव अडवायला शिकतो. पण कुस्ती चालू असताना स्वतःच बाहेर उभं राहून नियमाचं पुस्तक दाखवता येत नाही. ते काम दुसऱ्या कुणीतरी करायचं असतं. बचावाचा एक भाग मल्लाच्या अंगात असतो आणि एक भाग त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसांत. खाशाबांनी आपल्या वाट्याचा भाग पुरा केला होता. दुसऱ्या भागात खर्डेकर होते, गोळेश्वरची माणसं होती, पण ती सगळी हेलसिंकीपासून फार लांब होती.

आपल्या देशाला त्याच ऑलिंपिकात हॉकीचं सुवर्णपदक मिळालं आणि गौरव तिकडे गेला. कराडकडची माणसं मात्र विसरली नाहीत. स्टेशनवर शंभराहून अधिक बैलगाड्या सजवून आल्या होत्या. एरवी पाव तासात होणारी वाट, त्या मिरवणुकीला सात तास लागले. आमच्या ऊसतोडीच्या माणसांनी आणलेली गोष्ट हीच.

मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी पहिलं काम केलं ते कुस्त्यांचं मैदान भरवण्याचं. त्यात ते स्वतः लढले, जिंकले आणि आलेल्या पैशांतून खर्डेकरांचं गहाण पडलेलं घर सोडवून दिलं. ऑलिंपिकचं पदक मिळवलेला माणूस कर्ज फेडायला पुन्हा आखाड्यात उतरला. माझ्या नोकरीच्या काळात वसुलीच्या नावानं मी बरीच गावं पालथी घातली, अशी परतफेड पाहिली नाही.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. पोलिसांच्या स्पर्धा जिंकल्या. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची तयारी चालू असताना गुडघा दुखावला आणि ती वाट बंद झाली. सत्तावीस वर्षं नोकरी केली. बढती मिळून सहायक पोलीस आयुक्त झाले ते निवृत्तीच्या तोंडावर. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावं लागलं, असं त्यांच्याविषयी लिहिणारे सांगतात. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या मशालीला त्यांचा हात लागला, एवढा एक मान. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. वय अठ्ठावन्न. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार आणि केंद्राचा अर्जुन पुरस्कार हे दोन्ही मरणानंतरचे. त्यांच्यानंतर भारताच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला १९९६ साल उजाडलं, ते लिअँडर पेसचं टेनिसमधलं. कुस्तीतलं पुढचं पदक २००८ मध्ये, सुशीलकुमारचं. आणि महाराष्ट्राच्या वाट्याला दुसरं वैयक्तिक पदक आलं ते २०२४ मध्ये पॅरिसला, कोल्हापूरकडच्याच स्वप्नील कुसाळेचं, नेमबाजीत. मध्ये बहात्तर वर्षं गेली.

बहात्तर वर्षं का लागली, याची उत्तरं पुष्कळ जण देतील. मला माझ्यापुरतं एक ठाऊक आहे. गावोगाव माझ्यासारखे लोक बसले होते. ते दुष्ट नव्हते, त्यांनी पैसे खाल्ले नव्हते, त्यांनी फक्त चहा पाजून नियम सांगितले होते.

आमच्या जिल्ह्यालाही आता अभिमानानं सांगण्यासारखं नाव आहे. पाटोद्याचा राहुल आवारे. घरात वडिलांपासून कुस्ती, पुढे पुण्याला जाऊन तयार झालेला. त्यानं २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सत्तावन्न किलोत सुवर्ण मिळवलं आणि २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य. सत्तावन्न किलो, म्हणजे खाशाबांचाच आकडा. त्याचं पदक टीव्हीवर पाहिलं तेव्हा मला पहिल्यांदा त्या वस्तादांची आठवण झाली. त्यांच्या पोरांतलं कुणी कुठवर गेलं असतं, हे आता सांगता येणार नाही. म्हणूनच ते मनातून जात नाही.

भाऊबीज झाल्यावर नातवाला घेऊन मी त्या गावाला गेलो. वस्ताद जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्याच हाताखाली शिकलेला एक जण तालीम चालवतो. एका बाजूला मातीचा हौदा आणि पलीकडे पत्र्याच्या शेडखाली गादी. जुनी आहे, दोन ठिकाणी उसवलेली, पण आहे. कुठून आली, ते मी विचारलं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी दोन हंगाम उचलीतून थोडे थोडे पैसे काढून ठेवले आणि त्यातून घेतली, असं त्यानं सांगितलं. बँकेकडे गेला नाहीत का, हे मात्र मी विचारलं नाही.

नातू पोरांच्यात लगेच मिसळला. त्यानं त्यांना लाथ कशी झेलायची ते दाखवलं, त्यांनी त्याला दोनदा उचलून टाकलं. तिसऱ्या वेळी त्यानं पाय मागे टाकून स्वतःला वाचवलं, तेव्हा सगळे हसले. निघताना मी शेडच्या दुरुस्तीसाठी आणि नव्या गादीसाठी काही रक्कम देऊ केली. आकडा लिहीत नाही, फार उशिराचा आहे. तो चालक माझ्यापेक्षा शहाणा निघाला. पैसे घेतले, पण वर म्हणाला की स्पर्धेला पोरांबरोबर जाणारं, कागद वाचणारं, पंचांशी चार शब्द बोलू शकणारं माणूस आमच्याकडे नाही, तुम्हाला नियमांची सवय आहे, तुम्ही याल का?

जानेवारीत तालुक्याची स्पर्धा आहे. नियमाचं पुस्तक मी मागवून घेतलंय आणि दोनदा वाचून काढलंय. दोन कुस्त्यांमधल्या विश्रांतीचं कलम कुठल्या पानावर आहे, तिथे मी खूण घालून ठेवली आहे.